डिंगमारांचं गाव: तरंगंबाडी आणि किनाऱ्यावरची जागा

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांची, यादी येते. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) आणि शेवटी डिंगमार. पहिले चौघे आपल्या ओळखीचे आहेत. पाचवे म्हणजे डेन्मार्कचे लोक, आणि ते आपल्या शालेय इतिहासातून जवळजवळ गळूनच गेले. पंतांनी या सगळ्यांबद्दल एकच सावधगिरी सांगितली आहे. त्यांना वखारीसाठी जागा द्यायची वेळ आलीच, तर समुद्रतीरी, खाडीच्या मुखाशी देऊ नये. आत, दर्यापासून काही कोस दूर द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. एकदा पाण्याला टेकून कोट उभा राहिला की आरमाराच्या जोरावर ती जागा कायमची गेली, हा त्यामागचा विचार.

आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी तंजावरच्या रघुनाथ नायकाने नेमकं उलट केलं होतं. त्याने डिंगमारांना समुद्राच्या लाटा पायरीला लागतील अशी जागा दिली आणि वर किल्लाही बांधू दिला. त्या जागेचं नाव तरंगंबाडी. डॅनिश तोंडात त्याचं ट्रँकेबार झालं.

हा प्रकरण अभ्यास त्या एका गावाचा आहे. गाव लहानच, २०११ च्या जनगणनेत तेवीस हजारांच्या आसपास वस्तीचं. कारैकालच्या थोडं उत्तरेला, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, सध्याच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात. याच किनाऱ्याने आणखी वर गेलं की चोळांचं जुनं बंदर पूंपुहार लागतं. तरंगंबाडीबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक ‘भारतातलं विसरलेलं डेन्मार्क’ अशा थाटाचं असतं. मला त्या गावात दुसरीच गोष्ट दिसते. चारशे वर्षं तिथे एकाच प्रश्नाची पुन्हापुन्हा तड लावली गेली: समुद्राला लागून असलेली जमीन कोणी वापरायची? गाव वाढलं, थबकलं, विकलं गेलं, लाटेखाली गेलं आणि पुन्हा रंगवलं गेलं. दर वेळी या प्रश्नाचं उत्तर बदललं, आणि दर वेळी ते गावाबाहेर कुठेतरी ठरलं.

आधीचं गाव

डॅनिश येण्याआधी इथे काही नव्हतं असं समजायचं कारण नाही. किल्ल्याच्या उत्तरेला, अगदी वाळूच्या कडेला, मासिलामणिनाथाचं शंकराचं देऊळ आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, मारवर्मन कुलशेखर पांड्याच्या काळात ते उभं राहिलं. तिथल्या शिलालेखात गावाचं नाव सडंगन्पाडी असं येतं आणि कुलशेखरनपट्टिणम असंही. पट्टिणम म्हणजे बंदराचं गाव, म्हणजे व्यापार तेव्हाही होता. तरंगंबाडी हे नाव त्या सडंगन्पाडीचंच घासून झालेलं रूप असावं असं मला वाटतं. पण ‘लाटा गातात ते गाव’ हा अर्थ आता इतका रुळला आहे की तो काढून घेण्यात काही हशील नाही. मराठी कानाला तर त्यात तरंग आहे आणि वाडीही आहे.

या देवळाचा पुढचा भाग समुद्राने खाल्ला. मंडप गेला, पुढची बांधणी ढासळत गेली, गाभाऱ्याचा भाग तग धरून राहिला. इथला किनारा शतकानुशतकं आत सरकतो आहे. देऊळ बांधणाऱ्यांनी ते लाटांत नक्कीच बांधलं नव्हतं, समुद्रच चालत त्याच्यापाशी आला. ‘किनाऱ्यावरची जागा’ ही मुळात स्थिर वस्तूच नाही, हे इथे उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं.

सोन्याच्या पत्र्यावरचा करार

डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन याने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. १६१८ मध्ये ओव्ह येद्दे नावाच्या तरुण सरदाराच्या हाताखाली जहाजं निघाली. त्यांना जायचं होतं सिलोनला, तिथल्या मिऱ्यांसाठी आणि दालचिनीसाठी. दोन वर्षांच्या प्रवासात निम्म्याहून अधिक माणसं मेली आणि सिलोनमध्ये काही जमलं नाही. पुढे गेलेलं एक जहाज कारैकालजवळ पोर्तुगीजांनी बुडवलं. त्यातून वाचलेला रोलांट क्रापे हा डॅनिशांच्या चाकरीतला डच व्यापारी तंजावरच्या दरबारात पोहोचला. रघुनाथ नायकाला पोर्तुगीजांशिवाय दुसरं गिऱ्हाईक हवंच होतं. नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला: वर्षाला ३,१११ रुपये खंड, आणि त्या बदल्यात गाव, बंदर आणि किल्ल्याची परवानगी. नायकाचं सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं पत्र आजही कोपनहेगनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे.

किल्ल्याला नाव दिलं डान्सबोर्ग. दगड आणि विटा, जाड भिंती, खाली कोठारं आणि दारूखाना, वर राहण्याची आणि प्रार्थनेची जागा, तोंड सरळ समुद्राकडे. आमच्या कोकणातल्या जलदुर्गांच्या मानाने तो लहान आणि गोंडस वाटतो. पण जागा बघितली की पंतांची सूचना आठवते. दर्याला टेकलेला हा कोट डॅनिशांकडे सव्वादोनशे वर्षं राहिला.

या काळातला एक तुकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १६४३ नंतर १६६९ पर्यंत डेन्मार्कहून एकही जहाज आलं नाही. युरोपातल्या लढायांत कंपनी बुडाली होती. गावातले डॅनिश एकेक करून मेले किंवा निघून गेले. १६५५ नंतर उरला एकटा एस्किल्ड आनसन कोंग्सबाके, कुठल्या सरदार घराण्याचा नव्हे, साधा माणूस. तो स्थानिक लोकांच्या आणि पोर्तुगीज वंशाच्या रहिवाशांच्या जोरावर टिकला. त्याने दुसऱ्यांची जहाजं धरली, खंडावरून नायकाशी भांडण झालं तेव्हा वेढे सोसले, आणि गावाभोवती तट उभारला. १६६९ मध्ये अखेर जहाज आलं तेव्हा किल्ल्यावर डॅनिश निशाण होतं, पण त्याखालचं गाव बहुतांशी तमिळ होतं. वसाहत म्हणून जिचा इतिहास लिहिला जातो ती जागा जवळपास पिढीभर मायदेशाशिवाय चालली. चालवली ती तिथल्याच माणसांनी.

यानंतर तंजावर बदललं. व्यंकोजी भोसल्यांनी १६७० च्या दशकात नायकांची गादी घेतली आणि तरंगंबाडीचा खंड भोसल्यांच्या खजिन्यात जाऊ लागला. आज्ञापत्र लिहिलं जात होतं कोल्हापूरकडे, आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या पातीच्या राज्यात डिंगमार समुद्रतीरावर पक्क्या कोटात बसलेले होते. १६९९ मध्ये व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला. मद्रासहून इंग्रजांची कुमक आली म्हणून गाव वाचलं. तंजावरची फौज जमिनीवर बळकट होती, पण समुद्राच्या बाजूने येणाऱ्या मदतीला तिच्याकडे तोड नव्हती. पंतांनी हा वेढा ऐकला होता की नाही कोण जाणे, पण त्यांच्या इशाऱ्याला याहून चोख दाखला सापडणार नाही.

वाळूत गिरवलेली अक्षरं

वेशीतून आत आलं की किंग स्ट्रीट सरळ समुद्राकडे जातो. ही वेस म्हणजे गावाचा जमिनीकडचा दरवाजा, १७९२ मध्ये गव्हर्नर पीटर आंकरने नव्याने बांधलेला. पांढरा, कमानीचा, वर डॅनिश राजचिन्ह. रस्त्यावर दोन चर्च आहेत. झायन चर्च १७०१ चं, गोऱ्यांसाठी बांधलेलं. न्यू जेरुसलेम १७१८ चं, तमिळ ख्रिस्ती समाजासाठी. त्याच्या दर्शनी भिंतीवर डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याचा मुकुटासह मोनोग्राम आहे, आणि आत वेदीजवळ त्सीगनबाल्गची कबर.

बार्थोलोमेयस त्सीगनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युटशाऊ हे दोघे जर्मन तरुण ९ जुलै १७०६ ला इथे उतरले. राजाने त्यांना धर्मप्रसारासाठी पाठवलं होतं, पण कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते नको होते, कारण धर्माच्या भानगडीने व्यापार नासतो. कमांडंटशी इतकं बिनसलं की १७०८ मध्ये त्सीगनबाल्गला चार महिने किल्ल्यात कोंडून ठेवलं. त्याने तमिळ शिकायला काय केलं, तर पंतोजींची शाळाच आपल्या घरी आणवली, पोरांबरोबर जमिनीवर बसला आणि बोटाने वाळूत अक्षरं गिरवली. कंपनीचा दुभाषा अळगप्पन त्याला बोली शिकवत होता. दोन वर्षांत त्याने ताडपत्रांवरच्या तमिळ ग्रंथांची मोठी सूची केली. दक्षिणेतल्या देवदेवतांवर त्याने १७१३ मध्ये लिहिलेलं पुस्तक मात्र जर्मनीतल्या वरिष्ठांनी छापलं नाही. मूर्तिपूजा उखडायला पाठवलंय, तिची माहिती पसरवायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते मद्रासमध्ये छापलं गेलं १८६७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

छापखान्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण तिचा एक धागा मराठीपर्यंत येतो. लंडनच्या एका धर्मसंस्थेने १७११ मध्ये छापयंत्र पाठवलं. वाटेत जहाज फ्रेंचांच्या हाती सापडलं. यंत्र कसंबसं सुटलं, पण सोबतचा छपाईवाला प्रवासात वारला. तरंगंबाडीत कंपनीच्या शिपायांमध्ये छपाई जाणणारा एक जण निघाला, त्याच्यावर काम सुरू झालं. तमिळ खिळे जर्मनीत, हाल्ले इथे, ओतून आले. ते इतके मोठे होते की पुस्तक छापायचं तर कागद पुरेना. मग इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांची शिशाची आवरणं वितळवून गावातच लहान खिळे ओतले. कागदाची टंचाई भागेना म्हणून शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणी घातली. १७१४-१५ मध्ये बायबलचा ‘नवा करार’ तमिळमध्ये छापून बाहेर आला. लहानशा बंदरात खिळेओतशाळा, कागद आणि छपाई अशी सगळी साखळी एकत्र उभी राहिली.

मराठीचा धागा असा. बंगालमधलं श्रीरामपूर (नगर जिल्ह्यातलं नव्हे) हेही डॅनिशांचंच गाव. इंग्रज कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून विल्यम केरी १८०० मध्ये तिथे गेला. मराठी भाषेचं त्याचं व्याकरण १८०५ मध्ये तिथेच छापलं गेलं, देवनागरी खिळे वापरून. म्हणजे मराठी मुद्रणाची सुरुवातीची पानं डॅनिश निशाणाखाली निघाली. दुसरा धागा तंजावरचा. १७५० मध्ये तरंगंबाडीत आलेला मिशनरी श्वार्त्स पुढे तंजावरला गेला आणि दत्तक आलेल्या पोरवयातल्या सरफोजीराजांचा पालक झाला. ज्या सरफोजींच्या संग्रहाने सरस्वती महाल ग्रंथालय भरलं, ज्यांनी राजवाड्यात छापखाना घातला, त्यांच्या घडणीत तरंगंबाडीच्या या माणसाचा हात होता. १७९८ मध्ये श्वार्त्स वारला तेव्हा सरफोजींनी लंडनच्या शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

मिशनची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. शाळा निघाल्या, १७०७ पासून मुलींसाठीही. १७३३ मध्ये आरोन या तमिळ माणसाला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. पण त्याच चर्चमध्ये जातीप्रमाणे बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या. आणि गावाच्या भरभराटीचा कणा जो सुती कापडाचा व्यापार, त्यातलं काही कापड आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीत मोबदला म्हणून जात होतं. सुंदर रस्त्याकडे पाहताना हेही डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

गरज संपलेलं बंदर

गावाचे सगळ्यांत श्रीमंत दिवस अठराव्या शतकाच्या शेवटचे. इंग्रज-फ्रेंच लढाया चालू असताना डेन्मार्क तटस्थ होतं. त्यामुळे इंग्रज कंपनीचे नोकर आपली खासगी कमाई डॅनिश जहाजांतून युरोपला पाठवत. दुसऱ्यांच्या युद्धावर आलेली ही बरकत, युद्ध दारात आलं तशी गेली. १८०८ ते १८१५ इंग्रजांनी गाव ताब्यात ठेवलं. परत दिलं तेव्हा मँचेस्टरचं कापड बाजारात होतं आणि तमिळ मागावरच्या कापडाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. गावातल्या कोणाला विचारल्याची नोंद असण्याचं कारणच नव्हतं.

इंग्रजांनी सुरुवातीला तंजावर जिल्ह्याचा कलेक्टर इथे बसवला. मग नागपट्टिणमहून रेल्वे सुरू झाली, माल तिकडे वळला, कचेरीही हलली. तरंगंबाडीला स्वतःची रेल्वे मिळाली ती १९२६ मध्ये, मयिलाडुतुरैहून मीटर गेजची. १९८६ मध्ये तीही बंद झाली. आपल्याकडे चौल-रेवदंडा, दाभोळ यांचं जे झालं तेच हे. व्यापार उठला की बंदर शांत होतं, आणि शांत झालं की कोणी पाडून नवं बांधत नाही. तरंगंबाडीचा आराखडा, चर्च, कौलारू घरं, वेस हे सगळं जपलं गेलं, कारण दीडशे वर्षं ती जमीन कोणालाच हवी नव्हती. किल्लासुद्धा कित्येक वर्षं प्रवासी बंगला म्हणून वापरात होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस राज्य पुरातत्त्व खात्याने तो घेतला आणि आत संग्रहालय केलं.

या शांततेत एक समाज मात्र जागचा हलला नव्हता. पट्टिणवर मच्छीमार. त्यांची ऊर पंचायत म्हणजे गावकीची पंचायत, त्यांचे कट्टुमरम म्हणजे ओंडके बांधून केलेले तराफे (इंग्रजांनी त्याचंच कॅटमरान केलं), आणि नंतर फायबरच्या होड्या. नायक, डॅनिश, इंग्रज यांच्या कुठल्याच करारात त्यांचं नाव नाही. पण वाळूवर रोज पहाटे उतरणारे तेच होते.

२६ डिसेंबर २००४

रविवारची सकाळ, नाताळचा दुसरा दिवस. होड्या परतण्याची आणि बायकांनी मासळी घेण्याची वेळ. साडेआठ-नऊच्या सुमारास त्सुनामी तमिळ किनाऱ्याला भिडली. तेव्हाच्या नागपट्टिणम जिल्ह्यात, ज्यात तरंगंबाडी होती, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. डान्सबोर्ग उभा राहिला. किनाऱ्याला लागून असलेली झावळ्यांची आणि कच्च्या विटांची मच्छीमार वस्ती उद्ध्वस्त झाली.

इथून या प्रकरणाचा खरा गाभा सुरू होतो. एकाच गावात दोन पुनर्बांधण्या शेजारी शेजारी चालल्या.

पहिली मच्छीमारांची. मार्च २००५ च्या राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत ज्यांची घरं होती, त्यांनी नवं घर हवं असेल तर आत जायचं आणि जुन्या जागेवरचा हक्क सोडायचा. जागा सोडायची नसेल तर राहा, पण नव्या घराची मदत नाही. कागदावर ही निवड होती. घर, होडी आणि घरातलं माणूस एका सकाळीत गमावलेल्या कुटुंबाला ती निवड कितपत होती, हे मी सांगायला नको. तरंगंबाडीत घरं बांधली मच्छीमार संघांच्याच दक्षिण भारतीय महासंघाने, वास्तुरचनाकार बेनी कुरियाकोस यांच्या देखरेखीखाली. तरंगंबाडी आणि शेजारचं चिन्नंगुडी मिळून हजाराच्या आसपास घरं झाली. इतर अनेक ठिकाणी ठेकेदारांनी सपाटीकरण करून एका साच्याच्या खोल्यांच्या रांगा मांडल्या. इथे कुटुंबांशी बोलून आराखडे ठरवले आणि झाडं राखण्याकडे लक्ष दिलं. त्या काळातल्या पुनर्वसनात हे उजवं काम होतं, असं मी मनापासून म्हणेन. तरी समुद्र दूर गेला तो गेलाच. मच्छीमाराला घरातून पाणी दिसणं ही हौस नसते. वारा, लाटेचा रंग, शेजाऱ्याची होडी कधी निघाली, हे सगळं ओट्यावरून कळायचं.

दुसरी पुनर्बांधणी वारशाची. डॅनिश मंडळींच्या एका संस्थेने किल्ल्याची डागडुजी त्सुनामीच्या आधीपासून चालवली होती. नंतर डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि तमिळनाडू सरकार यांच्या कामाला वेग आला. गव्हर्नरचा बंगला दुरुस्त झाला, गोल्डस्मिथ स्ट्रीटवरची घरं एकेक करून नीट केली गेली, त्सीगनबाल्गचं घर २०१७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. कलेक्टरचा जुना बंगला हॉटेल झाला. तोही किनाऱ्यालाच आहे.

गोल्डस्मिथ स्ट्रीटच्या कामाकडे जवळून पाहण्यासारखं आहे. ही घरं डॅनिश नाहीत, अस्सल तमिळ आहेत. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटा, लाकडी खांबांवर कौलांचा उतार, आत चौक. खाऱ्या हवेत या भिंती चुन्याच्या असतात तोवर श्वास घेतात. ओल आत येते तशी बाहेर जाते. विसाव्या शतकात लोकांनी वर सिमेंटचा गिलावा चढवला. ओल आत अडकली, मिठाचे स्फटिक विटांच्या पोटात वाढले आणि विटा भुगा होऊन सुटू लागल्या. दुरुस्ती करताना आधी सिमेंट खरवडून काढावं लागलं. मग चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, वाळू घालून घाणीत (चुना मळण्याच्या चक्कीत) मळायचा, हिरडा आणि गूळ आंबवलेलं पाणी घालायचं. शेवटचा हात फिरवताना अंड्याचा पांढरा बलक घातला की भिंतीला संगमरवरासारखी झळाळी येते. आमच्या वाड्यांचे गवंडी हेच करायचे. चुन्याची घाणी हा शब्द अजून जुन्या माणसांच्या तोंडात आहे, घाणी मात्र राहिली नाही. तरंगंबाडीत हे काम करायला मिस्त्री पुन्हा तयार करावे लागले. दुरुस्त झालेल्या भिंतींइतकंच, माझ्या मते त्यांहूनही जास्त, मोल त्या शिकलेल्या हातांचं आहे.

दोन्ही कामं चांगली झाली. खटकतं ते त्यांच्यामधलं अंतर. वारशाचा नकाशा तटाच्या आतला होता: रस्ते, चर्च, बंगले. पुनर्वसनाचा नकाशा होता किनाऱ्यापासून मीटरमध्ये मोजलेल्या अंतराचा. पहिल्या नकाशात मच्छीमार नव्हते आणि दुसऱ्यात इतिहास नव्हता. म्हणून चारशे वर्षं तिथेच असणाऱ्या लोकांना धोक्याची जागा म्हणून हलवणं, आणि त्याच पट्ट्यातल्या इमारतींना सौंदर्याची जागा म्हणून उजळवणं, हे एकाच काळात घडलं आणि दोन्ही खात्यांना त्यात विसंगती दिसली नाही. जिवाची काळजी खरी होती, ती मी नाकारत नाही. पण हॉटेलच्या पाहुण्याला जे दृश्य खिडकीतून मिळतं, तेच दृश्य ज्याचं पोट त्यावर आहे त्याला मिळू नये, याचं समर्थन कुठल्याही आदेशात नीट सापडत नाही. ऊर पंचायतीला वारशाच्या बैठकीत सुरुवातीपासून बसवलं असतं, जाळी वाळवायच्या आणि होड्या ओढायच्या जागा चर्चइतक्याच जपण्याच्या यादीत घातल्या असत्या, तर वारसा हा शब्द तिथे जास्त खरा ठरला असता.

अजून एक छोटी गोष्ट. अठराव्या शतकात इथल्या मिशनमधल्या निसर्गप्रेमींनी वनस्पती आणि प्राण्यांचे नमुने गोळा करून युरोपला पाठवले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य कोनिग १७६८ मध्ये इथेच आला होता. त्या काळापासून गावाचं नाव शास्त्रीय नावांत शिरलं. आपल्या माळरानावर तारेवर बसणारा तांबूस रंगाचा लाल होला आहे ना, त्याचं शास्त्रीय नाव ‘ट्रँकेबारिका’ वर संपतं. सोलापूरच्या शेतातला हा पक्षी तरंगंबाडीचं नाव घेऊन फिरतो. तमिळ ल्युथरन चर्चचे प्रमुखही अजून ‘ट्रँकेबारचे बिशप’ म्हणवतात, राहतात मात्र तिरुचिरापल्लीला. गावाचं नाव गावापेक्षा फार लांब गेलं.

मी तिथे दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला वेशीपाशी गेले तेव्हा आतल्या बाजूच्या नव्या वस्तीतून माणसं येत होती. कोणी सायकलवर, कोणी चालत, खांद्यावर डिझेलचा कॅन, एकाच्या हातात गुंडाळलेलं जाळं. न्यू जेरुसलेमवरून, किल्ल्याला वळसा घालून ती वाळूवर उतरली. एक म्हातारा होडीपर्यंत न जाता पाण्याच्या कडेला नुसताच उभा राहिला. बराच वेळ त्याने लाटांकडे पाहिलं, मग मागे वळून हाताने खूण केली, आणि तरुणांनी होड्या ढकलायला सुरुवात केली.